नोंदणी निलंबित, दवाखाना मात्र सुरू: पेशंट कसा फसतो आणि कागद कुठे अडतो

ॲलोपॅथीच्या डॉक्टरवर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची कारवाई होते ती बहुधा तीनपैकी एका प्रकारची असते. ताकीद, ठरावीक मुदतीसाठी निलंबन, किंवा नोंदवहीतून नाव कायमचं कमी करणं. निलंबनाची अट समजायला अजिबात अवघड नाही. त्या मुदतीत पेशंट तपासायचा नाही, चिठ्ठी लिहायची नाही, दाखला द्यायचा नाही, ऑपरेशन करायचं नाही.

फसवणूक होते ती नेमकी याच मुदतीत. आदेश निघतो, पण पाटी उतरत नाही. भिंतीवरचं चौकटीतलं नोंदणी प्रमाणपत्र तसंच लटकत राहतं, काउंटरवरचा माणूस पूर्वीसारखाच नंबर देतो. नाव कमी केल्याची बातमी स्थानिक वर्तमानपत्रांत ठळकपणे द्यावी, असं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहिता नियमांत लिहिलेलं आहे. पण ताप आलेलं मूल कडेवर घेऊन निघालेली आई आधी वर्तमानपत्र चाळत नाही, आणि तिने ते चाळावं अशी अपेक्षाही करता येत नाही.

डॉक्टर अट कशी मोडतात ते चिठ्ठीवर दिसतं, फक्त नीट बघावं लागतं. लेटरहेडवर एका डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक, तपासणारा दुसराच, खाली सही म्हणजे नुसती रेघ, आणि त्यावर ‘करिता’ असा शिक्का. आपल्याला ज्याने तपासलं त्याचं नाव कागदावर कुठेच नाही. दुसरा प्रकार म्हणजे कोऱ्या कागदावर औषधं लिहून द्यायची आणि पावती हॉस्पिटलच्या नावाची फाडायची. आचारसंहितेनुसार चिठ्ठी, दाखला आणि पैसे घेतल्याची पावती, तिन्हींवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असायलाच हवा. तो नसला तर घाईत राहून गेला असं समजून सोडून देऊ नका, तिथल्या तिथे मागा. टाळाटाळ झाली तर पैसे भरण्याआधीच उठा.

याचा खरा फटका बसतो तो मेडिक्लेमच्या वेळी. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत ‘मेडिकल प्रॅक्टिशनर’ची व्याख्या दिलेली असते. राज्याच्या किंवा राष्ट्रीय परिषदेची वैध नोंदणी असलेला आणि आपल्या परवान्याच्या कक्षेत राहून काम करणारा, अशी. क्लेम फॉर्मच्या हॉस्पिटलने भरायच्या भागात उपचार करणाऱ्या डॉक्टरचं नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक लिहावा लागतो. तो क्रमांक ॲडमिट असण्याच्या तारखांना निलंबित असेल, तर कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं. तोवर हॉस्पिटलचं बिल भरून झालेलं असतं. म्हणजे उपचार बेकायदा माणसाकडून, खर्च खिशातून, आणि वर्षानुवर्षं भरलेला प्रीमियम ऐन गरजेला निरुपयोगी.

खात्री करायला पाच मिनिटं लागतात. कौन्सिलच्या संकेतस्थळावर नावाने किंवा क्रमांकाने शोधता येतं. अलीकडच्या नोंदणीचा क्रमांक वर्ष, महिना आणि अनुक्रमांक असा तिरप्या रेघांनी तोडलेला असतो. जुन्या डॉक्टरांचा सरळ आकडा असतो. नुसता क्रमांक सापडला म्हणून थांबू नका. समोर आलेलं पूर्ण नाव आणि पदवी पाटीशी जुळते का ते बघा, कारण दुसऱ्याचा खरा क्रमांक आपल्या पाटीवर लावणारेही असतात. पाटीवर एमडी किंवा एमएस असेल तर ती पदवी नोंदीत वेगळी चढवलेली दिसली पाहिजे. मग सर्वांत महत्त्वाचं: नोंदणी कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे. महाराष्ट्रात दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी ३० क्रेडिट गुण (डॉक्टरांच्या चालू प्रशिक्षणाचे) लागतात. नूतनीकरण रखडलेला डॉक्टर आणि शिक्षा म्हणून निलंबित झालेला डॉक्टर यांना एका मापाने मोजणं अन्यायाचं आहे, पण विमा कंपनी दोघांच्याही कागदावर बोट ठेवू शकते. पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा. मोठं ऑपरेशन असेल तर ॲडमिट होण्याच्या दिवशी पुन्हा बघा, मागच्या महिन्यातली नोंद आज लागू असेलच असं नाही.

आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दातांच्या डॉक्टरांच्या परिषदा वेगळ्या आहेत. त्यांची नावं मेडिकल कौन्सिलच्या यादीत नसली तर लगेच बोगस ठरवू नका, आणि त्यांच्याविरुद्धची तक्रारही त्यांच्याच परिषदेकडे द्या.

डॉक्टरकडून हमखास येणारं उत्तर म्हणजे, “अपील केलंय, स्टे आहे.” २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात डॉक्टरला अपील करता येतं हे खरं. पण अपील दाखल केलं म्हणून निलंबन आपोआप थांबत नाही. स्थगितीचा लेखी आदेश लागतो आणि तो असेल तर दाखवायला अडचण नसते.

अट मोडल्याची शिक्षा काय? परिषद निलंबन वाढवू शकते, नाव कायमचं काढू शकते. शिवाय नोंदणी नसताना व्यवसाय करणं हा त्याच कायद्याच्या कलम ३४ खाली गुन्हा आहे: १ वर्षापर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गर्भलिंगनिदानाच्या प्रकरणांत कायदा आणखी कडक आहे. न्यायालयाने आरोप निश्चित केले की खटला संपेपर्यंत निलंबन. दोषी ठरल्यास पहिल्या वेळी ५ वर्षांसाठी नाव कमी, पुन्हा गुन्हा घडल्यास कायमचं. एवढं असूनही मनाई पाळली जातेच असं नाही, हे परळीच्या डॉ. सुदाम मुंडे प्रकरणाने दाखवलं. २०१२ मध्ये गर्भपातादरम्यान महिलेचा मृत्यू झाला, २०१९ मध्ये १० वर्षांची शिक्षा लागली, आणि जामिनावर बाहेर असताना, व्यवसायाला मनाई असूनही, २०२० मध्ये परळीजवळ रामनगरला त्यांचा दवाखाना सुरू असल्याचं आरोग्य विभागाच्या पथकाला आढळलं. तिथे पेशंट होते. मनाईचा आदेश कागदावर कितीही कडक असला, तरी तो पाळला जातोय का हे बघणारं कुणी दवाखान्याच्या दारात उभं नसतं.

म्हणून तक्रार करायची तर तारखांवर करा. निलंबनाची मुदत अमुक ते अमुक, आणि त्यात बसणारी ही चिठ्ठी, ही पावती, हे यूपीआय पेमेंट. “डॉक्टर चांगला नाही” असं चार पानं लिहून जे साधत नाही, ते तारीख असलेल्या एका पावतीने साधतं. तक्रारीची एक प्रत कौन्सिलला, एक महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याला किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांना द्या, आणि पोच घ्या. बोगस डॉक्टर शोध समित्या जिल्हा, तालुका आणि महापालिका पातळीवर असतात, त्यांच्याकडेही ती जाऊ द्या. ॲडमिट झाला असाल तर तक्रार करण्याआधीच केसपेपर मागून घ्या. लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत ते द्यावे लागतात, आणि ३ वर्षं जपून ठेवण्याचं बंधनही डॉक्टरवर आहे. तक्रार झाल्यावर मागायला गेलात तर फाइल ‘सापडत नाही’ हे ऐकायची तयारी ठेवा.

आणि पैसे परत हवे असतील तर कौन्सिलच्या भरवशावर बसू नका. कौन्सिल डॉक्टरला शिक्षा करते, पेशंटला भरपाई देत नाही. ती ग्राहक आयोगाकडे मागावी लागते आणि तिथली मुदत २ वर्षांची आहे. कौन्सिलने ६ महिन्यांत निर्णय द्यावा असा नियम असला तरी सुनावण्या लांबतात, आणि “आधी तिकडचा निकाल येऊ दे” म्हणणाऱ्यांची ही २ वर्षं अशीच निघून जातात. सबळ कारण दाखवून उशीर माफ करून घेता येतो, पण ते आयोगाच्या मर्जीवर. दोन्ही अर्ज एकाच वेळी करायला काहीच हरकत नाही. उपचारासाठी भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.