घरासकट गाडी बसली, आता? मिस्त्री, कंपनीचं वर्कशॉप की टोइंग

गाडी कंपनीच्या वर्कशॉपला द्यायची की नाक्यावरच्या मिस्त्रीला, हा वाद पुण्यात घरी बसून घालायला सोपा आहे. आम्ही तो १३ जानेवारी २०२५च्या संध्याकाळी भुजला घातला. सोबत बायको, सत्तरीची आई, नववीतली मुलगी आणि पंधरा सीटरच्या चेसिसवर बांधून घेतलेलं आमचं फिरतं घर.

झालं असं की धोळावीराला जाताना खावड्याच्या अलीकडे क्लचचं पेडल दाबलं, ते तळाला गेलं आणि तिथेच बसलं. बोटांनी वर ओढावं लागलं. इंजिन बंद करून पहिला गिअर टाकला, गिअरमध्येच सेल्फ मारला आणि तशीच गचके देत गाडी खावड्याच्या बाजारात नेली. तिथल्या पिकअपवाल्यांच्या मिस्त्रीने क्लचचं ऑइल भरलं, नळीतली हवा काढली आणि म्हणाला, ‘भुज तक चली जाएगी, बीच में दो बार तेल डालना.’ सत्तर किलोमीटरात तीनदा घालावं लागलं.

भुजमध्ये दोन दारं ठोठावली. वर्कशॉपच्या ॲडव्हायझरने गाडीखाली न वाकता जॉब कार्ड काढलं. म्हणाला, पूर्ण क्लच सेट लागेल. उद्या-परवा उत्तरायण, वर्कशॉप बंद. १६ तारखेला गाडी रॅम्पवर घेऊ, सेट अहमदाबादहून मागवू, सोमवार-मंगळवार धरून चला. आपल्याकडे संक्रांत म्हणजे तिळगूळ देऊन ऑफिसला जायचा दिवस. गुजरातेत १४ आणि १५ असे दोन्ही दिवस अख्खा बाजार गच्चीवर असतो. प्रवास आखताना मी रणातल्या पौर्णिमेची तारीख बघितली होती, उत्तरायणाची नाही.

दुसरं दार ट्रकवाल्यांच्या वस्तीतल्या एका मिस्त्रीचं. तो गोणपाट टाकून गाडीखाली गेला आणि गिअरबॉक्सच्या कुशीला असतो त्या स्लेव्ह सिलेंडरच्या (पेडलचा दाब ऑइलमधून क्लचला पोचवणारी छोटी नळकांडी) रबरी टोपीला बोट लावून बाहेर आला. बोट ओलं होतं. क्लचची प्लेट घसरत असती तर ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिन ओरडलं असतं आणि वेग वाढला नसता. इथे तसं काहीच नव्हतं, नुसतं पेडल पडत होतं. म्हणजे आतला सील गेलेला. सिलेंडरच बदलायचा, गिअरबॉक्स उतरवायची गरज नाही. काम दोन तासांचं. पण आमच्या मापाचा सिलेंडर त्याच्याकडे नव्हता आणि भुजमधली दुकानंही १६पर्यंत बंद.

दुरुस्तीचे तास दोन्हीकडे थोडेच असतात. दिवस जातात ते पार्ट येण्यात. म्हणून ‘किती दिवस लागतील?’ या प्रश्नाला काही अर्थ नाही, त्याचं उत्तर सगळे ‘दोन-तीन दिवस’ असंच देतात. विचारायचं ते असं: पार्ट आत्ता कुठल्या गावातल्या कुठल्या फळीवर आहे, आणि तिथून इथे कशाने येणार?

वर्कशॉपचा पार्ट डेपोतून येतो. ऑर्डर टाकायची, मंजुरी घ्यायची, मग कुरियर, मग रविवार. मिस्त्रीचा पार्ट ट्रॅव्हल्सच्या बसच्या डिकीतून येतो. १६ला सकाळी त्याने अहमदाबादच्या दुकानदाराला जुन्या सिलेंडरवरच्या नंबरचा फोटो पाठवला, मी पैसे फोनवरून पाठवले, रात्रीच्या बसने पार्सल निघालं आणि १७ला पहाटे सहाला ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातून मी ते सही करून घेतलं. साडेनऊला पेडल वर आलेलं होतं. सिलेंडर, ऑइल आणि मजुरी धरून ३,४०० रुपये. वर्कशॉपचा अंदाज, अख्खा क्लच सेट धरून, ३१,००० होता.

यावरून मिस्त्री भला आणि कंपनी वाईट असा निष्कर्ष काढू नका. माझ्या एका मित्राचं उलटं झालं. राजस्थानात त्याच्या बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांतल्या) गाडीचा इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि गाडीने ओढ सोडली. चढावर दुसरा गिअर. मिस्त्रीने छोटा स्कॅनर लावून बिघाडाचा कोड पुसला, पाचशे रुपये घेतले. चाळीस किलोमीटरवर दिवा परत. पुन्हा पुसला, पुन्हा लागला. धूर गाळणारी डीपीएफची जाळी काजळीने भरली होती. ती काजळी कंपनीच्या लॅपटॉपवरून आतल्या आत जाळून जाळी मोकळी करावी लागते. वर्कशॉपमध्ये ते काम अर्ध्या दिवसात झालं, आधीचे दोन दिवस मिस्त्रीच्या दारात गेले. मोटारहोमवाल्यांना हा त्रास जास्त होतो, कारण आपण मुक्कामावर इंजिन चालू ठेवून एसी लावतो. उभ्या गाडीत एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही आणि काजळी साठत जाते.

तर माझी वाटणी अशी:

| बिघाड | मिस्त्री | कंपनीचं वर्कशॉप |
|---|---|---|
| क्लच-ब्रेकचे सिलेंडर, होज, बेल्ट, रेडिएटर | बेलाशक | पार्ट फळीवर दाखवला तरच |
| सेल्फ, अल्टरनेटर | वायरिंगवाल्याकडे. बुश-बेअरिंग बदलून बऱ्याचदा त्याच दिवशी | बहुतेक अख्खं युनिट बदलतात, म्हणजे पुन्हा वाट पाहणं |
| इंजिनचा दिवा, डीपीएफ, डीईएफ (धूर साफ करणारं युरियाचं पाणी), सेन्सर | कोड पुसेल, पुन्हा येईल | इथेच |
| इंजेक्टर, हाय प्रेशर पंप | नको | इथे, किंवा टेस्ट बेंच असलेलं शहरातलं डिझेल पंपाचं दुकान |
| वॉरंटीतलं काहीही | पाना लावू देऊ नका | इथेच, कितीही दिवस लागोत |
| पाण्याचा पंप, फ्रिज, इन्व्हर्टर | दोघांनाही कळत नाही | घरी जाऊन, ज्याने बांधलं त्याच्याकडे |

शेवटच्या ओळीबद्दल थोडं. घराच्या भागातलं काही बिघडलं म्हणून प्रवासातले दिवस जाळू नका. पंप गेला तर बादली आहे. फ्रिज गेला तर बर्फ मिळतो. अपवाद गॅसचा. वास आला तर सिलेंडरची कळ बंद करायची, दारं-खिडक्या उघडायच्या, दिव्याचं बटण चालू-बंद करायचं नाही आणि घरी पोचेपर्यंत जेवण बाहेर.

मिस्त्रीकडे एक धोका कायम असतो. तो माल कुठला लावतो हे तुम्ही उभं राहून बघितलं नाही तर कळत नाही. सील, होज, बेअरिंग या तीन गोष्टींत स्वस्त माल तीनशे किलोमीटरवर पुन्हा रस्त्यात बसवतो. डबा स्वतः उघडायचा, जुना पार्ट मागून घ्यायचा आणि काम झाल्यावर गाडी सगळ्यांना बसवून, पाण्याची टाकी भरून चालवून बघायची. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. रिकाम्या गाडीत चाललेला क्लच भरल्या गाडीत घाटात चालेलच असं नाही.

गाडी विकत घ्यायचा विचार अजून चालू असेल तर चेसिस निवडताना हेच बघा. फोर्स ट्रॅव्हलरसारखी गाडी देशभर ॲम्ब्युलन्स, शाळेची बस आणि वऱ्हाडाची गाडी म्हणून धावते, त्यामुळे तिच्याखाली झोपलेला माणूस तालुक्याला सापडतो. बाहेरून आणवलेल्या देखण्या मोटारहोमच्या काचेलाही महिने लागू शकतात.

आता टोइंग. मला हा शेवटचा पर्याय वाटतो आणि बहुतेक जण तोच आधी करतात, कारण विम्यासोबत रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असतो. फोन केला की तिकडून कारच्या मापाचा फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेणारा सपाट फळ्याचा ट्रक, निघतो. तो येऊन गाडीकडे बघतो आणि परत जातो, तुमचे तीन तास गेले. फोनवर पहिल्या वाक्यातच सांगा: लांबी किती, छतावरच्या एसीसकट उंची किती, सामान-पाण्यासकट वजन किती. आमची गाडी तीन मीटर उंच. फ्लॅटबेडचा फळा सुमारे एक मीटर. चार मीटर झाले, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक रेल्वेपुलाखाली जीव मुठीत. आणि असिस्टन्स बहुधा जवळच्या अधिकृत वर्कशॉपपर्यंतच नेतो, पुण्याला नाही. भुज ते पुणे हजार किलोमीटरला मला खाजगी वाहतूकदाराने साठ हजारांच्या आसपास सांगितले. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ला फोन करा, क्रेन येते आणि गाडी रस्त्यातून बाजूला सुरक्षित जागी लावली जाते. दुरुस्तीचं पुढचं तुमचं तुम्ही.

क्रेनवाला पुढची चाकं उचलून ओढायला लागला तर एक गोष्ट त्याला विसरू देऊ नका. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची मागची चाकं जमिनीवर फिरली की प्रोपेलर (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) फिरतो आणि गिअरबॉक्सचा मागचा भाग फिरत राहतो. इंजिन बंद असल्यामुळे आतलं ऑइल मात्र उडत नाही. चाळीस-पन्नास किलोमीटरात क्लचचं दुखणं गिअरबॉक्सवर जातं. प्रोपेलरचा जॉइंट काढायचा, चार बोल्ट असतात, ते काचेच्या बाटलीत घालून स्वतःजवळ ठेवायचे. दोराने ओढत असतील तर इंजिन बंद म्हणजे ब्रेकचा बूस्टर (ब्रेक हलका करणारी मदत) आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही गेलं. पाय पूर्ण ताकदीने दाबावा लागतो. घाटात दोर नकोच.

कंपनीत किंवा मिस्त्रीकडे, मधले दिवस काढायचे कुठे? मोटारहोमवाल्यांना वाटतं, आपल्याकडे घर आहेच. पण वर्कशॉपचं फाटक संध्याकाळी बंद होतं आणि आत रात्री कोणाला राहू देत नाहीत. मिस्त्रीच्या अंगणात राहता येतं, आम्ही पहिली रात्र राहिलो. गाडी पुढून जॅकवर चढवलेली, त्यामुळे पलंगाचं डोकं वर आणि पाय खाली. शेजारी रात्री दोनपर्यंत ट्रकचे टायर. आणि कागदावर सोपं दिसणारं विजेचं गणित. आमची लेड-ॲसिडची बॅटरी २०० अँपिअर-तासाची, बारा व्होल्ट, म्हणजे २.४ युनिट. ती वारंवार निम्म्याखाली नेली तर लवकर मरते, हाताशी उरले १.२ युनिट. छोटा फ्रिज दिवसाला अर्धा युनिट खातो. सोलर छतावर, छत शेडखाली, इंजिन बंद म्हणून अल्टरनेटरही नाही. दुसऱ्या संध्याकाळी दिवे मंद. मिस्त्रीच्या बोर्डावरून वायर घेतली, रोजचे शंभर रुपये कबूल करून. त्याने ते नंतर घेतले नाहीत, तो वेगळा भाग.

कोणी लिहीत नाही ती अडचण टॉयलेटच्या टाकीची. चार माणसं असली की कॅसेट (काढून ओतायची ती टाकी) दोन दिवसांत भरते आणि गॅरेजमधून ती ओतायला जायचं कुठे? आईने हा प्रश्न पहिल्याच रात्री विचारला होता. मी ‘बघू’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी लॉज घेतला. रणोत्सवाचा हंगाम असल्यामुळे जे मिळालं ते २,६०० रुपयांना.

इथे मला कंजुषी चुकीची वाटते. लहान मूल, म्हातारं माणूस किंवा इन्सुलिन सोबत असेल तर पहिल्याच दिवशी लॉज. इन्सुलिन लॉजच्या फ्रिजमध्ये ठेवायला सांगायचं, गाडीच्या फ्रिजवर विसंबायचं नाही. चार दिवसांहून जास्त थांबावं लागणार असं पक्कं कळलं तर माणसं फोडायची. दोघं घरी, एक गाडीसोबत. आम्ही आईला आणि मुलीला १५च्या रात्री भुजहून दादरला येणाऱ्या सयाजीनगरी एक्सप्रेसमध्ये बसवलं. एसीचा तत्काळ आदल्या दिवशी सकाळी दहाला उघडतो. मुलगी गॅरेजच्या बाकावर मोबाइल धरून बसलेली, मिस्त्रीचा पोरगा हातात पतंगाची फिरकी घेऊन तिच्या खांद्यावरून बघतोय. दोन बर्थ मिळाले तेव्हा तोच जास्त ओरडला.

गाडी सोडून सगळ्यांनीच घरी जायचं आणि दुरुस्त झाल्यावर आणायला यायचं, हा पर्याय वर्कशॉपच्या बाबतीत चालतो. तिथे जॉब कार्ड असतं, किलोमीटर लिहिलेले असतात, आतल्या सामानाची यादी करून सही घेता येते. मिस्त्रीकडे गाडी एकटी सोडू नये. तो चोरी करेल म्हणून नाही. तुम्ही समोर नसलात की पुढच्या घाईच्या गिऱ्हाइकाचा ट्रक आधी होतो.

भाड्याच्या मोटारहोमला यातलं निम्मं लागू नाही. बुकिंगच्या वेळी तीन गोष्टी लेखी घ्या: गाडी बंद पडली तर बदली गाडी किती तासांत, ती नसेल तर न वापरलेल्या दिवसांचे पैसे परत का, आणि लॉजचा खर्च कोणाचा. ‘आमची गाडी कधी बंदच पडत नाही’ हे उत्तर आलं तर दुसरीकडे विचारा.

आमच्याच बाबतीत आता कोणी विचारलं, वर्कशॉपला सोमवारपर्यंत थांबला असतात तर? धोळावीरा चुकलंच असतं, ते तसंही चुकलं. १७ला दुपारी भुजहून निघालो, दोघंच, आणि सरळ घराकडे. डॅशबोर्डच्या खणात आता क्लचचा एक जादा सिलेंडर, एक लिटर ब्रेक ऑइल आणि एक फॅन बेल्ट असतो. सिलेंडरच्या डब्यावर मिस्त्रीने पेनाने अहमदाबादच्या दुकानाचा नंबर लिहून दिलाय, आणि त्याखाली: १४-१५ बंद.