इम्प्लांट काढल्यानंतर वापरलेली सर्जिकल ब्रा आणि रबरी पट्टे : दिवाळीपासून श्रावणापर्यंतचा अनुभव

कस्टमर केअरवाल्यांनी काल परत तेच सांगितलं, आतले कपडे आहेत, हायजीन पॉलिसी आहे, रिटर्न होत नाही. मला रिटर्न नकोच होतं, ब्राची चेन तुटली आणि खालची इलास्टिक वळून दोरीसारखी झाली एवढंच सांगायचं होतं, पुढच्या मालाला तरी ती बदला म्हणून. कोणी ऐकून घेत नाही म्हणून इथे लिहितेय. १४५० रुपयाला एक, आणि धुवायला टाकली की दुसरी लागतेच म्हणून दोन घेतल्या. एवढ्या पैशात इलास्टिक तरी धड पाहिजे.

माझं थोडक्यात सांगते. डाव्या बाजूचा कॅन्सर होता, स्तन काढला, स्नायूच्या खाली सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं, नंतर रेडिएशन. शरीर इम्प्लांटभोवती एक पातळ आवरण तयार करतं, ते काही जणींमध्ये आवळत जातं आणि रेडिएशन घेतलेल्यांना जास्त होतं, तसंच माझं झालं. कुशीवर झोपता यायचं नाही. भाकरी थापायला बसले की स्नायू आवळायचा आणि इम्प्लांटचा गोळा कपड्यातून दिसेल असा वर सरकायचा, त्यामुळे मी पाहुण्यांसमोर भाकरी करणंच सोडलं होतं. अमेरिकेत २०२१ पासून इम्प्लांटच्या माहितीत ठळक चौकटीत लिहावं लागतं की ही आयुष्यभर टिकणारी वस्तू नाही. आपल्याकडे पण प्रत्येक बाईला ऑपरेशनच्या आधी कोणीतरी बसवून हे सांगायला पाहिजे, मला आतून वाटतं.

दिवाळीनंतर मुंबईला जाऊन इम्प्लांट आणि ते आवरण दोन्ही काढलं, नवीन बसवलं नाही. बसवताना छातीच्या मोठ्या स्नायूची खालची कड बरगड्यांपासून सोडवलेली होती, ती सर्जननी यावेळी टाके घालून परत जागेवर लावली. म्हणून सहा आठवडे ढकलणं बंद, ओढणं बंद, कणीक मळणं बंद, भरलेली बादली तर नाहीच.

त्या सहा आठवड्यांसाठी ही ब्रा चांगली आहे, ते कबूल करायलाच पाहिजे. पुढून चेन असल्यामुळे हात डोक्यावर न्यावा लागत नाही, खांद्यावरचे पट्टे वेल्क्रोचे, ड्रेनची, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची, पिशवी अडकवायला आतून बंद दिलेत. इम्प्लांट निघालं की आत पोकळी राहते, तिथे पाणी साचू नये म्हणून सारखा दाब लागतो, तो ही नीट देते. ड्रेन निघाल्यावरसुद्धा सूज हळूहळू उतरली.

आता ती खालची पट्टी. कंपनीने ती जेमतेम दोन बोटं रुंद दिलीय, आणि बसते नेमकी कुठे तर जिथे स्नायूची कड शिवलेली आहे त्या रेषेवर आणि ड्रेनच्या जखमेच्या वणावर. खाली बसलं की वळते. थंडीत मी सहन केलं, पण आमच्या अमळनेरला एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ वर जातो, नायलॉनच्या पट्टीखाली घाम साचून कातडी सोलली गेली. आणि मला ते कळलंच नाही, कारण ऑपरेशननंतर त्या भागाला स्पर्शच नीट समजत नाही. आंघोळीच्या वेळी जाऊबाईंनी बघितलं तेव्हा लाल चट्टा चांगला पसरलेला होता. बायांनो, बधिर जागा रोज आरशात बघा नाहीतर घरातल्या कोणाला दाखवा. तिथे गरम पाण्याची पिशवी तर अजिबात ठेवू नका, भाजलं तरी समजत नाही. चट्ट्यासोबत ताप आला किंवा एका बाजूला अचानक सूज आली तर वाट न बघता डॉक्टरला फोन करायचा.

ब्रा विकणारे लिहितात की स्नायूला ताकद मिळते. नाही मिळत. ती फक्त धरून ठेवते. मी जानेवारीत पाच स्टार द्यायचं ठरवलं होतं कारण दुखणं कमी झालं होतं, पण खांदा पुढे वाकलेलाच राहिला, वरच्या फळीवरचा डबा काढताना काखेतून कोपरापर्यंत ताण यायचा. सासूबाई म्हणायच्या, "हात जपीसन ठेव व माय", आणि जपून जपूनच तो आणखी आखडत होता. फिजिओच्या ताईंनी आधी नुसतं भिंतीवर बोटं चालवत वर नेणं, दोन्ही हातात काठी धरून उचलणं आणि पाठीमागे खांद्याची पाती जवळ आणणं एवढंच करायला लावलं. सहा आठवडे झाल्यावर सर्जननी हो म्हटलं तेव्हा रबरी पट्टा दिला. पिवळा सगळ्यात हलका, मग लाल, मग हिरवा. ३०० रुपयांच्या रबराने काय होणार असं मला वाटलं होतं, पण खरा फरक ह्याच वस्तूने पडला. खिडकीच्या गजाला बांधायचा, कोपर अंगाजवळ ठेवून ओढायचा, दुसऱ्या दिवशी दुखलं तर एक पायरी खाली. मध्ये मध्ये स्नायू आपोआप फडफडायचा, त्याची भीती वाटायची, पण ताई म्हणाल्या ते होतं आणि कमी होत जातं. तसंच झालं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी मांडे केले. ज्यांनी केलेत त्यांना माहिती, पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत मोठा करायचा आणि हात लांब करून खापरावर टाकायचा, सगळा भार छातीच्या पुढच्या भागावर येतो. पाच-सहा झाले आणि डावी बाजू थकली, बाकीचे जाऊबाईंनी केले. पण छातीवर काहीही सरकलं नाही. स्नायू आवळला तर तो स्नायूच आवळला, त्याच्याखाली आता दुसरं काही नाही. सगळ्या बायका समोर होत्या आणि मी पदर सारखा केला नाही.

पट्टीवर उपाय आमच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंनी काढला. इलास्टिक उसवून चार बोटं रुंद सुती पट्टा लावला, मागे हुकाच्या दोन रांगा आणि पुढे चेनच्या आतून मऊ कापड, ८० रुपये. उन्हाळ्याचा शेवट आणि आत्तापर्यंतचा पावसाळा त्यावरच निघाला, परत चट्टा नाही. जे काम ८० रुपयांत होतं ते १४५० वाल्यांना का जमू नये.

ब्रा ला दोन स्टार, रबरी पट्ट्याला पाच. घ्यायचीच असेल तर छातीचं नाही, खालच्या बरगडीचं माप घ्या आणि सूज धरून एक साइज मोठी मागवा, आणि ऑपरेशनच्या आधीच खालची पट्टी बदलून ठेवा. मी सध्या हिरव्या पट्ट्यावर आहे, भिंतीला हात लावून दंड मारते, जमिनीवरचे अजून जमत नाहीत.