कासच्या फुलांसाठी रोल की डिजिटल?

साताऱ्यातल्या हौशी फोटोग्राफरांना श्रावण सरला की हा प्रश्न पडतोच: कासला जाताना बॅगेत जुना रोलचा कॅमेरा टाकायचा की डिजिटल? दोन्ही वापरल्यावर कोणा एकाला नावं ठेवणं जिवावर येतं.

रंगीत निगेटिव्ह एक-दोन स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट) जादा उजेड सहज पचवते. ऊन पडलं तरी तेरड्याच्या गुलाबी पाकळीवरच्या शिरा टिकतात. डिजिटलमध्ये तीच पाकळी सपाट डाग होते, कारण एकटा लाल चॅनल, म्हणजे लाल रंगाची नोंद, आधी भरतो आणि साध्या हिस्टोग्रामवर (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर) ते कळत नाही. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम लावा, एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप खाली आणा, रॉ म्हणजे कच्ची फाइल काढा. मग फरक बराच मिटतो.

वाईजवळच्या मेणवलीतल्या नदीघाटाचे दगड मात्र कृष्णधवल रोलवरच पाहावेत. घरी धुताना एचपी-५ प्लस या ४०० च्या कृष्णधवल रोलला डी-७६ हा डेव्हलपर एकास एक पाणी घालून, २० अंशांना ११ मिनिटं. आपल्याकडचं नळाचं पाणी उन्हाळ्यात फार गरम असतं. डेव्हलपर, फिक्सर आणि धुण्याचं पाणी सगळंच बर्फाच्या घमेल्यात ठेवून सारख्या तापमानावर आणा, नाहीतर इमल्शनला, म्हणजे रोलवरच्या चित्राच्या थराला, बारीक सुरकुत्या पडू शकतात. बोअरचं पाणी जड असतं, म्हणून शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड पाण्यात. नाहीतर वाळताना उमटलेले पांढरे ठिपके स्कॅनमध्ये एकेक करून पुसत बसावं लागतं.

पण पारडं झुकतं ते सीतेची आसवं या रानफुलापाशी. फूल जेमतेम सेंटिमीटरभर, देठ दोऱ्यासारखा आणि पठारावरचा वारा क्षणभर थांबत नाही. एकास एक मॅक्रोत (फूल रोलवर वा सेन्सरवर मूळ आकाराएवढंच उमटतं तेव्हा) लेन्सचं छिद्र एफ ८ ला ठेवलं तर फोकसची खोली सुमारे एक मिलिमीटर. त्यातच दोन स्टॉप उजेड जातो, त्यामुळे ढगाळ हवेत ४०० आयएसओच्या (उजेडाला संवेदनशीलतेच्या) रोलवर शटर १/६० सेकंदाच्या आसपास येतं आणि फूल हलतं. डिजिटलवर आयएसओ १६०० केला की १/२५० मिळतं. रोलवर मधेच आयएसओ बदलता येत नाही. तरीही खरा वैताग वेगळाच: फोकस पाकळीवर बसला की मागच्या गवतावर, हे रोल धुऊन येईपर्यंत कळत नाही. रंगीत रोल बहुधा पुण्या-मुंबईला पाठवावा लागतो, आणि तो परत येईतो बहर ओसरलेला असतो. पुढची संधी थेट पुढच्या वर्षी. डिजिटलवर सात-आठ फ्रेम सलग घ्यायच्या, दहापट मोठं करून पाकळीची कड बघायची, मऊ दिसली तर तिथंच पुन्हा.

त्यामुळे एकच कॅमेरा न्यायचा असेल तर, माझ्या मते, डिजिटल न्यावा, त्यावर १०० मिमीची मॅक्रो लावून. वाट सोडून फुलांत पाय टाकायचा नसतो, आणि ही लेन्स काठावरूनही पोचते. रोलचा कॅमेरा सोबत घेतलाच तर त्याला ५० मिमीची लेन्स लावून पठाराचा विस्तार टिपा, एक स्टॉप जादा देऊन. घरी आल्यावर दोन्ही कॅमेरे पुसून सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवा. धुक्यातली ओल लेन्समध्ये राहिली तर बुरशी धरते.