दामिनी, नाऊकास्ट आणि शेतात पडलेला कांदा : एका हंगामाचा वापर

येवला तालुक्यात उन्हाळ कांद्याची काढणी मार्च-एप्रिलमध्ये येते आणि वळवाचं वारंही तेव्हाच सुटतं. यंदा फेब्रुवारीअखेरपासून मे संपेपर्यंत हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज, त्यांचाच नाऊकास्ट, म्हणजे फक्त पुढच्या तीन तासांचा अंदाज, आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप रोज वापरलं.

पाच दिवसांचा अंदाज मी मजूर सांगण्यापुरता बघतो. 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हणजे त्या भागातल्या फार तर 25 टक्के केंद्रांवर. शेजारच्या गावात गारा पडल्या आणि आपल्याकडे नुसती धूळ उडाली, तरी अंदाज खराच. त्यात इगतपुरीचा घाट आणि आमचं माळरान एकाच जिल्ह्यात. म्हणून पिवळ्या इशाऱ्याला काढणी थांबवत नाही. ताडपत्रीखाली मावेल एवढाच कांदा उपटतो. केशरी आला की उपटणं बंद, पडलेला आधी गोळा करायचा. पातीखाली वाळत असलेला कांदा भिजला की वरून चांगला दिसतो आणि साठवणीच्या चाळीत सडतो. वर्षाची कमाई तिथेच जाते.

खरी मदत नाऊकास्टची झाली. सकाळपासून जीव नकोसा करणारा उकाडा, समुद्राकडून आलेलं बाष्प, तापलेली जमीन. दुपारी ढग उभा राहायला तास-दीड तास पुरतो. कुठल्या शिवारावर तो फुटेल हे सकाळी कुणालाच सांगता येत नाही. रडार आणि उपग्रहावरून पुढच्या तीन तासांचं मात्र बरंच कळतं. जेवणाच्या सुट्टीत तो बघायचा, हे आता ठरलेलं आहे.

दामिनी मी माणसांसाठी ठेवलंय. 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर ते सावध करतं. नकाशावर नुकत्याच पडलेल्या विजा वेगवेगळ्या रंगांत दिसतात. ठिपके आपल्याकडे सरकतायत का, हे पाहायचं. एप्रिलमध्ये बायका बांधावरच्या लिंबाखाली भाकरी सोडून बसल्या होत्या. ऊन लख्ख, आणि फोन वाजला. "दादा, आभाळ तर कुठंय?" एकीनं विचारलं. तरी सगळ्यांना उठवून घरात नेलं. गडगडाट नंतर ऐकू आला. एवढ्या एका दुपारीसाठी मी या ॲपला पैकीच्या पैकी गुण देईन.

लोकेशन आणि इंटरनेट चालू लागतं. आमच्या खालच्या वावरात रेंज नाही, म्हणून फोन विहिरीजवळ एकाच्या ताब्यात असतो. बॅटरी वाचवायला फोन ॲप बंद करतो, ती सेटिंग आधी काढा. गारांचं दामिनीला विचारू नका, ते त्याचं काम नाही. फोनबरोबर आलेलं दुसरं एक हवामान ॲप रोज दुपारी ढग-विजेचं तेच चित्र दाखवायचं. ते काढून टाकलं.

आता मुकादमाच्या फोनमध्येही दामिनी घालून दिलंय. त्यांची टोळी दिवसाआड वेगळ्या गावात असते, तिथं मी नसतो.