खडूची काचपट्टी आणि शंभरचे भिंग

रामबागेतील आमच्या घरी दर रविवारी शेजारपाजारची आठ-दहा मुले विज्ञानातले काहीबाही पाहायला जमतात. त्यांच्यासाठी गेल्या पावसाळ्यात मी इंदूरमधल्याच एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून दोन वस्तू घेतल्या: दोन्ही डोळ्यांनी पाहण्याचा विद्यार्थी-सूक्ष्मदर्शक आणि सागरी सूक्ष्मजीवांच्या बारा काचपट्ट्यांची पेटी. सूक्ष्मदर्शकाबद्दल माझे मत चांगले आहे, पेटीबद्दल तसे नाही. आणि हे दोन्ही निष्कर्ष मला एकाच काचपट्टीने काढून दिले.

ती नवव्या क्रमांकाची काचपट्टी. तिच्यावर ‘चॉक – कॉकोलिथ’ असे लिहिलेले होते आणि खरे तर तिच्यासाठीच मी पेटी घेतली होती. कॉकोलिथोफोर हे समुद्राच्या उजेड पोहोचणाऱ्या वरच्या थरात तरंगणारे एकपेशीय शैवाल असून ते आपल्या पेशीच्या आत कॅल्साइटच्या चकत्या घडवते, त्या एकेक करून बाहेर ढकलते आणि त्यांचे गोल चिलखत अंगाभोवती रचते. एकेक चकती म्हणजे कॉकोलिथ. तिची रुंदी साधारण 2 ते 10 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा भाग. पेशी मेल्यावर या चकत्या तळाशी साचत जातात. इंग्लंडच्या डोव्हर येथील पांढरे कडे प्रामुख्याने अशाच क्रिटेशस (डायनासोरांच्या अखेरच्या) काळातील चकत्यांचे बनलेले आहेत. त्या मऊ पांढऱ्या खडकालाच चॉक म्हणतात.

पेटीसोबतच्या पुस्तिकेत ही काचपट्टी 400 पटींवर पाहावी असे म्हटले आहे. तेवढ्यावर पांढुरक्या ठिपक्यांपलीकडे काही दिसले नाही, म्हणून शंभर पटींचे भिंग लावले, तेलाचा थेंब टाकला आणि एकूण विशालन 1000 पट केले. या भिंगावरचा न्यूमरिकल अपर्चर, म्हणजे बारकावे वेगळे करण्याच्या क्षमतेचा आकडा, 1.25 आहे, त्यामुळे सुमारे पाव मायक्रॉन अंतरावरचे दोन बिंदू वेगळे दिसू शकतात आणि 3 मायक्रॉनची चकती साबुदाण्याच्या दाण्याएवढी भासायला हवी. तरीही गोल असे काही आढळेना. दिसत होते ते सुयांसारखे आडवेतिडवे स्फटिक. मग दिव्यावर एक ध्रुवक पत्रा (एकाच दिशेत कंप पावणारा उजेड पुढे सोडणारा पारदर्शक तुकडा) ठेवला, दुसरा सूक्ष्मदर्शकाचे डोके सैल करून नळीच्या तोंडावर बसवला आणि दोन्ही एकमेकांना आडवे करून मागचा उजेड पूर्ण काळा केला. सुया करड्या रंगात मंद उजळल्या, इतकेच. पेटीत त्याच भुकटीची एक लहान कुपीही होती. तिच्यातली चिमूटभर भुकटी बशीत घेऊन वर व्हिनेगर ओतले, तर एकही बुडबुडा आला नाही; कॅल्साइट असते तर ते फसफसले असते.

उलगडा सोपा होता. कारखानदाराने फळ्यावरचा खडू कुटून काचेवर बसवला होता. आपल्याकडे शाळेत मिळणारा खडू बहुतेक वेळा प्लास्टर ऑफ पॅरिसचा, म्हणजे जिप्समचा असतो. समुद्री शैवालाशी त्याचे नाते केवळ नावापुरते. दुकानदारांना हे सांगितल्यावर ते शांतपणे म्हणाले, “चॉक तो चॉक होता है, सर।”

सुदैवाने भाचीने इंग्लंडहून येताना समुद्रकाठी पडलेला खऱ्या चॉकचा सुपारीएवढा खडा आणला होता. त्याचा कण दातकोरणीने पाण्याच्या थेंबात विरघळल्यासारखा होईपर्यंत फेटला, पातळ पसरला, वाळवला आणि कव्हरस्लिप चिकटवली. त्याच भिंगाखाली, त्याच पत्र्यांमधून, काळ्या पार्श्वभूमीवर शेकडो लहान पांढऱ्या चकत्या उजळल्या आणि प्रत्येकीवर काळी फुली होती. एका मुलीने तिला ‘कागदी भिरभिरे’ म्हटले. माझ्याकडे त्याहून चांगला शब्द नाही. चकतीतील कॅल्साइटचे स्फटिक केंद्राभोवती आऱ्यांसारखे मांडलेले असतात. ज्या आऱ्या पत्र्यांच्या दिशेला समांतर येतात तेथे उजेड अडतो आणि फुली उमटते. कॅल्साइटचे दोन अपवर्तनांक (उजेड किती वळतो याचे आकडे) 1.658 आणि 1.486 असे एकमेकांपासून फार दूर असल्यामुळे इतकी पातळ चकतीही लख्ख दिसते. जिप्सममध्ये हा फरक अवघा 0.01 च्या आसपास आहे.

सूक्ष्मदर्शकाची ही खरी परीक्षा होती आणि तो तीत उतरला. बारीक फोकसची चावी घसरत नाही, कडांना निळसर झाक येते ती सहन करण्याजोगी आहे. मंच गोल फिरत नाही ही मात्र उणीव आहे, कारण चकती फिरवून पाहण्यातच निम्मी गंमत असते. 11,000 रुपयांत याहून अधिक मागणे बरे नव्हे.

पुस्तिकेबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत. चॉकमधील चकत्या ‘एमिलियानिया हक्सलेयी’ या जातीच्या आहेत असे तिच्यात छापले आहे. ती जात आजच्या समुद्रात विपुल असली, तरी उदयास येऊन तिला जेमतेम तीन लाख वर्षे झाली. डोव्हरचा चॉक साडेसहा कोटी वर्षांहून जुना आहे. नावातील हक्सले या इंग्रज जीवशास्त्रज्ञांनी 1858 मध्ये अटलांटिकच्या तळाच्या गाळातून या चकत्यांना ‘कॉकोलिथ’ हे नाव दिले, एवढाच धागा बरोबर आहे. ‘हे शैवाल कवच बनवताना हवेतील कार्बन शोषते’ हे वाक्यही अर्धवट आहे: प्रकाशसंश्लेषणात कार्बन शोषला जातो, पण कॅल्साइट घडताना बायकार्बोनेटच्या दोन आयनांतून एक कार्बन डायऑक्साइड सुटतो.

पेटीतल्या इतर कवचधारी एकपेशीय जीवांपैकी डायटम आणि फोरामिनिफेराच्या काचपट्ट्या ठीक आहेत, रेडिओलारियाची सुरेख आहे. नववीच्या जागी धार जिल्ह्यातील बागच्या चुनखडकाची चकती घालायलाही हरकत नव्हती. तोही क्रिटेशस समुद्राचाच, आणि त्यातले ब्रायोझोआ (वसाहती करून राहणारे लहान सागरी प्राणी) हातभिंगानेही ओळखता येतात.

सूक्ष्मदर्शकाला पाचपैकी चार, पेटीला दीड. पेटीचे पैसे परत मिळाले नाहीत. त्याऐवजी दुकानदारांनी तेलाच्या दोन बाटल्या दिल्या, आणि ते तेल उत्तम निघाले.