एनएफएल कॉन्ट्रॅक्टचं अ‍ॅप: मस्त आहे, पण कॉलेजचा भाग कच्चा

सीझनभर वापरलं म्हणून लिहितोय. एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची प्रो लीग, तिच्या प्लेयरचं कॉन्ट्रॅक्ट हे अ‍ॅप वर्षावार उलगडून दाखवतं, आणि खरं सांगू का, आधी आम्ही मित्र नुसता वरचा मोठा आकडा धरून भांडायचो. इथे गॅरंटीड रक्कम, म्हणजे टीमने काढलं तरी मिळणारे पैसे, वेगळ्या रंगात दिसते. डेशॉन वॉटसन या खेळाडूचं 2022 चं 23 कोटी डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट उघडा, पट्टी शेवटपर्यंत एकाच गडद रंगाची, कारण सगळेच पैसे गॅरंटीड. बाकी बहुतेकांची दोन-तीन वर्षांनी फिकी पडते, म्हणजे तिथून पुढे टीमला त्याला काढणं सोपं. साइनिंग बोनस (सही करताना मिळणारी रक्कम) सॅलरी कॅपमध्ये (टीमच्या पगारखर्चाच्या वार्षिक मर्यादेत) जास्तीत जास्त 5 वर्षांवर कसा विभागतात तेही इथेच डोक्यात शिरलं.

कॉलेजचा भाग मात्र कच्चा आहे राव. 2021 पासून तिकडच्या कॉलेजकडून खेळणारी पोरं स्वतःच्या नावावर (जाहिराती वगैरे करून) कमवतायत, 2025-26 ला तर एकेक कॉलेज साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना वाटू शकतं, आणि इथे नुसते अंदाज, तेही पक्के असल्यासारखे छापलेत. ज्या पोरांनी इतकी वर्षं नुसत्या स्कॉलरशिपवर खेळून स्टेडियमं भरली, त्यांच्या आकड्यापुढे निदान ‘अंदाजे’ तरी लिहा!