प्रबंधाचा विषय निवडताना: साठवलेले पाणी की सेप्टिक टाकी?

सोलापूर शहराच्या पाणी व स्वच्छता व्यवस्थापनावर पदव्युत्तर प्रबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे दोन विषय हमखास येतात. एक म्हणजे काही दिवसांआड येणारे नळाचे पाणी आणि दुसरा म्हणजे ड्रेनेज न पोहोचलेल्या वस्त्यांमधील सेप्टिक टाक्या. महत्त्वाच्या दृष्टीने दोन्ही तोलामोलाचे आहेत. परंतु हाती एकच उन्हाळा आणि बेताचा खर्च असेल, तर निवड विचारपूर्वक करावी लागते.

पाण्याच्या विषयात साहित्य विपुल आहे, आणि तीच त्यातली अडचणही आहे. ‘पाणी किती दिवसांनी येते, आपण समाधानी आहात का’ अशा प्रश्नावलीचे उत्तर सोलापुरात कोणीही घरबसल्या देईल. खरा प्रश्न नळ गेल्यानंतर सुरू होतो: पुढच्या पाळीपर्यंत हौदात, बॅरलमध्ये आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीत त्या पाण्याचे काय होते? भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात मुक्त क्लोरीन प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम असावे आणि १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू आढळू नये. सोलापूरच्या उन्हात क्लोरीन झपाट्याने उडते. म्हणून त्याच घरात नळ आल्या दिवशी आणि त्यानंतर रोज एकदा ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाण्यातले क्लोरीन तपासण्याची चाचणी) घेतली, तर नळीतला पिवळा रंग दिवसागणिक कसा फिका होत जातो हे मोजून दाखवता येते. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याची वेळ ठाऊक असणे मात्र अनिवार्य आहे, कारण नळ सुटताच येणारे पहिले पाणी आणि नंतरचे पाणी यांचे नमुने वेगवेगळे घ्यावे लागतात. जंतुपरीक्षणाच्या निर्जंतुक बाटलीत क्लोरीनचा परिणाम थांबवणारे सोडियम थायोसल्फेट असावे, आणि बाटली बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचावी. शहराला उजनीची थेट जलवाहिनी, भीमेवरील टाकळी आणि हिप्परगा तलाव अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून पाणी मिळते. त्यामुळे प्रत्येक नमुन्यापुढे त्या भागाचा स्रोत नोंदवला नाही, तर तुलना फोल ठरते.

मात्र या विषयातून आरोग्याविषयी मोठा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळावा. हुबळी-धारवाडमध्ये काही प्रभागांना चोवीस तास पाणी मिळू लागल्यावर झालेल्या अभ्यासांत, खंडित पुरवठ्याच्या नळांवर जिवाणूजन्य दूषितता कितीतरी अधिक आढळली; तरीही २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाच वर्षांखालील मुलांच्या जुलाबांत एकूण लक्षणीय घट दिसली नाही, विषमज्वराच्या तक्रारी मात्र कमी नोंदल्या गेल्या. एवढ्या मोठ्या पाहणीतही चित्र असे संमिश्र असेल, तर एका विद्यार्थ्याने चाळीस-पन्नास घरांच्या आधारे आजारांवर भाष्य करू नये.

सेप्टिक टाक्यांचा विषय नवा आहे, पण वाट खडतर आहे. १९९२ च्या हद्दवाढीने शहराचे क्षेत्र कितीतरी पटींनी वाढले, मात्र नव्या वसाहतींमागून मलवाहिन्या त्याच वेगाने गेल्या नाहीत. अशा घरांत टाकी शेवटची कधी उपसली, असे विचारले की बहुतेकांना आठवत नाही. कित्येक ठिकाणी झाकणावर फरशी बसलेली असते. मैला उपसणाऱ्या गाडीचे चालक दर सांगतात, पण गाडी कुठे रिकामी होते हे सांगायला कचरतात. संरक्षक साधनांशिवाय सफाईसाठी टाकीत माणूस उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे त्यांची भीती अनाठायी म्हणता येत नाही. विश्वास संपादन करायलाच दोन-तीन महिने जातात. तुलनेसाठी महाराष्ट्रातच वाई आणि सिन्नर येथील ठरावीक वर्षांनी टाक्या उपसण्याची पद्धत उपलब्ध आहे, ही जमेची बाजू. पण ती लहान नगरपरिषदांची उदाहरणे आहेत, महापालिकेला जशीच्या तशी लागू पडणार नाहीत.

एका हंगामात काम संपवायचे असेल, तर माझे मत निःसंशय पाण्याच्या बाजूने आहे, तेही प्रश्नावलीपेक्षा मोजणीवर भर देऊन. ज्याच्याकडे दोन वर्षे आहेत, किंवा ज्याच्या घरचेच कोणी या व्यवसायात असल्याने गाडीमालक मोकळेपणाने बोलतील, त्याने सेप्टिक टाक्यांकडे वळावे. मात्र त्याने गाडीचा क्रमांक आणि मालकाचे नाव नोंदवहीत लिहिणार नसल्याचे पहिल्याच भेटीत सांगावे, आणि महाविद्यालयाची नैतिक मान्यता त्याआधीच हाती घ्यावी.